परान्न आणि दोन प्रश्न

आपल्या मंडळाच्या या पत्रिकेत आजवर ज्यांनी लेखणी चालविली, ते वयाने, विद्येने आणि अधिकाराने माझ्याहून कितीतरी थोर आहेत. माझे शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंतचे. पुढचे जे काही, ते देवळाच्या ओवरीत वडिलांपाशी बसून ऐकलेले. तेव्हा धर्मनिर्णय सांगण्याचा आव आणून मी हे लिहीत नाही. माझ्या हातून एक चूक घडली, तिचा विचार करता करता एक प्रश्न मनात उभा राहिला, आणि तो आपल्यापैकी अनेक घरांचा प्रश्न आहे असे वाटल्यावरून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपले भीमपूर म्हणजे सीमेवरचा मुलूख. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. एकाच बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि उर्दू कानांवर पडते. पूर्वी आपल्या घरचा माणूस परगावी निघाला की त्याच्या धडप्यात दशम्या आणि चटणी बांधलेली असे, आणि बहुतेकांचा परगाव म्हणजे आदिलाबादचा बाजार. तेथून संध्याकाळी परतता येई. आता आपली मुले नोकरीसाठी हैदराबाद, नागपूर, पुणे येथे जाऊन राहतात. दोन वेळचे अन्न परक्या चुलीवरचे. घरून विचारणा होते ती दोनच गोष्टींची. आई विचारते, “पोटभर जेवतोस ना?” आणि वडील विचारतात, “शाकाहारीच ना?” मुलगा दोन्हींना होकार देतो. त्या होकारात किती खरे आणि किती वरवरचे, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

या प्रश्नाची व्याप्ती समजावी म्हणून एक आकडा सांगतो. भारत सरकारच्या महानिबंधक कार्यालयाने २०१४ साली केलेल्या पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांचा आहार विचारला गेला. त्यात देशभर शेकडा सुमारे ७१ माणसे मांसाहारी आढळली. महाराष्ट्रात सुमारे ६०. आणि आपल्या तेलंगणात ९८ हून अधिक. म्हणजे या राज्यात आपण शंभरांत एक-दोन आहोत. हैदराबादेत केवळ शाकाहारी अशी उपाहारगृहे पुष्कळ आहेत हे खरे, परंतु मित्रमंडळी, सहकारी किंवा वरिष्ठ जेथे जेवावयास नेतील तेथे शेजारच्या टेबलावर बिर्याणीचे ताट असणार, हे गृहीत धरूनच आपल्याला राहिले पाहिजे. तक्रार करण्यासारखे यात काही नाही. ज्याच्या गावी आपण जातो, त्याच्या चुलीवर आपला हुकूम चालत नसतो.

आता माझी चूक सांगतो. गेल्या कार्तिकात देवळासाठी तांब्याची उपकरणी आणि एक घंटा आणावयास मी हैदराबादेस गेलो होतो. बेगमबाजारातील भांड्यांच्या दुकानांतून हिंडून काम आटोपेपर्यंत दिवस मावळला. माझा एक शाळासोबती तेथे नोकरीस आहे. तो मला घ्यावयास आला. आम्ही अनेक वर्षे एका बाकावर बसलो. आमच्या आजोबांच्या काळापर्यंत ज्या समाजाला देवळाची पायरी चढू दिली जात नसे, त्या समाजातला तो. पहिला पगार हाती आल्यापासून त्याच्या मनात होते की मला एकदा चांगल्या ठिकाणी जेवू घालावे. त्याने निवडलेले उपाहारगृह मोठे, दिव्यांनी झगमगणारे, शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन्ही पदार्थ देणारे होते. मला संकोच वाटू नये म्हणून त्याने स्वतःसाठीही शाकाहारीच पदार्थ सांगितले. माझ्या पिशवीत आईने दिलेल्या चार दशम्या होत्या. पण त्या झगमगाटात त्या बाहेर काढण्याची मला लाज वाटली. ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

वाढपी आला. पुजाऱ्याच्या मुलाने अशा ठिकाणी काहीतरी सोवळेपण दाखविलेच पाहिजे, असे मला का वाटले कोण जाणे. मी त्याला हिंदीत विचारले, “येथे स्वयंपाक कोण करतात?” तो म्हणाला, “आचारी आहेत.” मी पुन्हा म्हणालो, “तसे नव्हे, कोणत्या लोकांतले?” वाढप्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मित्राकडे पाहिले, आणि काही न बोलता कागद घेऊन तो आत गेला. मित्राने हातातील यादी खाली ठेवली आणि तो पाण्याच्या पेल्याकडे पाहत बसला.

थोड्या वेळाने मक्याचे सूप आले. नाव मक्याचे, म्हणून त्यात काय आहे हे विचारण्याचे मला सुचलेसुद्धा नाही. मी दोन चमचे घेतले, तोच आतल्या दारातून एक प्रौढ माणूस फडक्याला हात पुशीत लगबगीने आला आणि त्याने माझ्या वाटीवर हात आडवा धरला. आधी तेलुगूत, मग हिंदीत तो म्हणाला, “हे घेऊ नका. हे दुसऱ्या पातेल्यातले आहे. यात कोंबडीचे पाणी घातलेले असते. तुमच्या कागदावर शाकाहारी लिहिले आहे; पोराकडून चूक झाली.” त्याने वाटी उचलली, क्षमा मागितली आणि तो आत गेला. तो आचारी होता. ज्याची जात मी पाच मिनिटांपूर्वी विचारीत होतो, त्यानेच माझे व्रत राखले. मी मात्र त्याला धड धन्यवादही देऊ शकलो नाही.

परतताना रस्त्यात मित्र इतकेच म्हणाला, “अरे, लहानपणी तुमच्या ओसरीवर मी किती वेळा पाणी प्यालो असेन. काकूंनी मला कधी हे विचारले नाही.” मी गप्प राहिलो. उत्तर नव्हतेच.

घरी आल्यावर वडिलांना सर्व सांगितले आणि प्रायश्चित्त विचारले. वडील देवाची भांडी घाशीत होते. ते म्हणाले, “नकळत घेतलेल्या दोन चमच्यांचे प्रायश्चित्त सोपे आहे. स्नान कर, एक वेळ उपाशी राहा, देवाला नमस्कार कर, संपले. पण तू जो प्रश्न विचारलास, त्याचे प्रायश्चित्त माझ्या पोथीत नाही. ते त्याच्याकडेच जाऊन मागावे लागेल.”

सुज्ञ वाचकहो, त्या रात्री मी दोन प्रश्नांपुढे उभा होतो. एक, “यात काय आहे?” दुसरा, “हे कोणी केले?” पहिला माझ्या व्रताचा होता, तो मी विचारला नाही. दुसऱ्याचा माझ्या व्रताशी काही संबंध नव्हता. तो मी दोनदा विचारला. हे केवळ माझे वेंधळेपण होते, की पिढ्यान्पिढ्या आपण हे दोन प्रश्न एकात एक मिसळीत आलो आहोत, याचा विचार मला येथे करावयाचा आहे.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. “यात काय आहे?” असे विचारण्याची आपल्याला लाज वाटते. चारचौघांत आपण गावंढळ दिसू, यजमानाला कानकोंडे वाटेल, वाढपी हसेल, अशी भीती असते. ही भीती नवी नाही. महात्मा गांधी १८८८ साली विलायतेस गेले, तेव्हा मांस न खाण्याचे वचन त्यांनी आईला दिलेले होते. तेथे त्यांच्या एका मित्राने त्यांना लंडनमधील हॉलबर्न नावाच्या मोठ्या उपाहारगृहात जेवावयास नेले. पहिलेच सूप आले. ते कशाचे आहे हे मित्राला विचारण्याचे धैर्य होईना, म्हणून त्यांनी वाढप्याला खूण केली. मित्राच्या ते लक्षात आले आणि तो रागावला. अशा ठिकाणी नीट वागता येत नसेल तर बाहेर जाऊन दुसरीकडे जेव आणि माझी वाट पाहा, असे त्याने सुनावले. गांधीजी उठून बाहेर गेले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते, म्हणून ती रात्र त्यांनी उपाशीच काढली. आणि मित्राविषयी मनात कडवटपणाही ठेवला नाही. आत्मचरित्रात ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

या हकीकतीत मला तीन गोष्टी दिसतात. त्यांनी विचारले, उत्तर मिळेना तेव्हा ते उपाशी राहिले, आणि उपाशी राहून कोणाचा द्वेष केला नाही. व्रताचा भार त्यांनी स्वतःच्या पोटावर घेतला. मित्राच्या, वाढप्याच्या किंवा आचाऱ्याच्या माथी मारला नाही. पुढे अंडी मांसात मोडतात की नाही, असा वाद तेथील शाकाहारी मंडळींत चालत असे. तेव्हाही गांधीजींनी असा निर्णय केला की, वचन ज्या आईला दिले तिच्या मनात मांस या शब्दाचा जो अर्थ होता तोच आपल्यावर बंधनकारक; आणि मग अंडी असणारे गोड पदार्थही त्यांनी सोडले. सोयीचा अर्थ लावून व्रत सैल करावयाचे नाही, हा त्यातला बोध आहे.

आज हा पहिला प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक अवघड झाला आहे, कारण पदार्थाचे नाव आणि पदार्थाचे अंतरंग यांची फारकत झाली आहे. घरच्या वरणात काय आहे ते आईला ठाऊक असते. शहरातील सूप भाज्यांचे म्हणून मागवावे, तर त्याला दाटपणा आणि चव आणण्यासाठी हाडे उकळून काढलेले पाणी घातलेले असू शकते. चिनी पद्धतीच्या भाज्यांत माशांचा किंवा शिंपल्यांचा अर्क पडलेला असतो. थरथरणाऱ्या गोड वड्यांत जिलेटिन असते. ते जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून काढतात. चीज विरजण्यासाठी काही देशांत वासराच्या जठरातून काढलेले द्रव्य वापरतात. केकमध्ये अंडे असते, आणि काही ठिकाणी नानच्या कणकेतही. लाल रंगाचा एक प्रकार तर किडे वाळवून केलेला असतो. आणि हे सर्व टाळले तरी ज्या तेलात मासळी तळली त्याच तेलात बटाट्याच्या फोडी तळल्या जात नाहीत ना, हे विचारावे लागतेच.

या बाबतीत कायद्याने पुष्कळ साह्य केले आहे. बंद पाकिटातील खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका छापणे २००१ सालच्या नियमांनी बंधनकारक झाले. रंगांध माणसांना दोन ठिपक्यांतील भेद कळत नसे, म्हणून पुढे तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण ठरविण्यात आला. कायद्याच्या व्याख्येत अंडे मांसाहारात मोडते. दूध आणि मध मोडत नाहीत. पाकिटावर नुसते सांकेतिक क्रमांक छापून भागत नाही, तो घटक वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बजावले. न खाणाऱ्याला माहिती मिळण्याचा हक्क आहे, ही गोष्ट राज्यानेही मान्य केली असता “यात काय आहे?” असे विचारताना आपण खाली मान का घालावी? लाजेपायी जो विचारीत नाही, त्याने व्रत मोडले नसेल तर ते केवळ नशिबाने.

आता दुसरा प्रश्न. “हे कोणी केले?” याची मुळे आपल्या इतिहासात खोल गेली आहेत. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे तेथे होती. ही वार्ता प्रसिद्ध झाल्यावर पुण्यात मोठे ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि प्रायश्चित्ते सांगण्यात आली. त्या वादाचा रोख बिस्किटात काय घातले होते यावर नव्हता. तो कोणाच्या घरचे आणि कोणाच्या हातचे, यावर होता. एवढे मोठे विद्वान शहर चहाच्या पेल्यावरून ढवळून निघाले, आणि मूळ प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

पुढे शहाण्या माणसांनी ही गाठ सोडविण्याचा प्रयत्न केला. रत्नागिरीस सावरकर यांनी १९३३ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृह चालू करविले. मुंबईकडे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी सत्यनारायणाच्या पूजेस अस्पृश्य मानलेल्या जोडप्यास यजमान म्हणून बसविले आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर वाटली. प्रसादात अर्थातच मांस नव्हते. म्हणजे “काय?” हा प्रश्न पूर्ण राखूनही “कोणी?” हा प्रश्न सोडून देता येतो, हे गद्रे यांनी प्रत्यक्ष देवापुढेच दाखविले. १९५० साली आपले संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घेऊन सांगितले आहे की, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ साली ती पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा झाला. ज्या टेबलाशी मी आणि माझा मित्र समोरासमोर बसलो, ते टेबल असे मिळालेले आहे. तेथे बसून मी जे विचारले, ते कदाचित कायद्याच्या कचाट्यात सापडणार नाही. पण ज्या कारणासाठी तो कायदा करावा लागला, तेच कारण माझ्या तोंडून बोलत होते.

येथे कोणी ज्येष्ठ म्हणतील, “मुला, ज्याला मांसाचा विटाळ नाही, तो शाकाहाराची पळी वेगळी कशाला ठेवील? म्हणून माणूस विचारावा लागतो.” ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. पण तिचे उत्तर तिच्यातच आहे. पळीची काळजी असेल तर पळीविषयी विचारावे. “तवा वेगळा आहे का? तेल वेगळे आहे का? झारा एकाच कढईतून दुसऱ्या कढईत जातो का?” हे प्रश्न कामाविषयीचे आहेत, कोणताही प्रामाणिक आचारी त्यांनी दुखावत नाही, उलट आपल्या कामाची कदर करणारा गिऱ्हाईक भेटला म्हणून तो नीट सांगतो. जन्मावरून माणसाच्या हातची शुचिता ठरत असती, तर त्या रात्री माझ्या वाटीवर आडवा आलेला हात आलाच नसता.

आपल्या ग्रंथांतही याचा दाखला आहे. महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा येते. आपल्या तपाचा अभिमान बाळगणारा कौशिक ब्राह्मण मिथिलेस जातो आणि मांस विकणाऱ्या व्याधाच्या दुकानापाशी उभा राहून त्याच्याकडून धर्म ऐकतो. तो व्याध स्वतः प्राणी मारीत नाही आणि मांस खातही नाही. पण कुळाचा व्यवसाय म्हणून विकतो. आणि तोच कौशिकाला सांगतो की, नांगर चालविणाऱ्याच्या हातूनही मातीतले असंख्य जीव मरतात; तेव्हा मी हिंसेपासून सर्वस्वी मुक्त आहे, असे कोणी म्हणू नये. आपण कापूस, तूर पिकविणारी माणसे. बोंडअळीवर औषध फवारताना जे घडते ते आपल्याला ठाऊक आहे.

हा विचार मनात आल्यावर मी देवघराकडे नव्या दृष्टीने पाहिले. स्वयंपाकाच्या वेळी नेसावयाचे आमचे सोवळे रेशमाचे आहे. त्या रेशमासाठी कोशातील जिवंत किडे उकळत्या पाण्यात टाकलेले असतात. किडा न मारता रेशीम काढण्याची रीत हैदराबादेतील कुसुमा राजय्या यांनी प्रचारात आणली आहे. पण आमच्या पेटीतले पीतांबर त्या रीतीचे नाही. भजनातला मृदंग कातड्याने मढविलेला. आणि उत्सवात पेढ्यांवर जो चांदीचा वर्ख लावीत, तो जनावरांची आतडी आणि कातडी यांच्या थरांत ठेवून कुटण्याची जुनी रीत होती. २०१६ साली सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरू नये, असा नियम केला. तोवर आपण तो पेढा देवापुढे ठेवीत होतो आणि परक्या गावच्या आचाऱ्याला त्याची जात विचारीत होतो.

याचा अर्थ व्रत व्यर्थ आहे असा मी करीत नाही. मी मांस खात नाही आणि पुढेही खाणार नाही. पूर्ण अहिंसा कोणाला साधत नाही, म्हणून जेवढी साधते तेवढीही टाकावी, हा तर्क आळशाचा आहे. मी इतकेच म्हणतो की, ज्याचे स्वतःचे ताट पूर्ण निष्कलंक नाही, त्याने ते नम्रपणे धरावे. व्रताने माणूस सावध झाला पाहिजे. तो ताठ झाला की व्रताची शोभा जाते.

आता शेवटचा मुद्दा, परगावी खावे तरी काय. याविषयी छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा मला फार मार्मिक वाटते. कुरुदेशात पिके बुडाली आणि दुष्काळ पडला. उपासमारीने व्याकुळ झालेल्या उषस्तीने कुळीथ खात बसलेल्या एका माहुताजवळ अन्न मागितले. माहूत म्हणाला, माझ्या पुढ्यातल्याखेरीज दुसरे नाही. उषस्तीने त्याचे ते उष्टे घेतले आणि खाल्ले. माहुताने मग पाणी देऊ केले, तेव्हा मात्र उष्टे पाणी नको म्हणून त्याने नाकारले. माहुताने विचारले, मग हे कुळीथ उष्टे नव्हते काय? उषस्तीने सांगितले की, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तेथे मिळेल.

या एका उत्तरात परान्नाचा सगळा विवेक आला आहे. गरज जे क्षम्य करते, ते चोचल्याने क्षम्य होत नाही. उषस्तीने माहुताची जातही विचारली नाही आणि स्वतःची सूटही वाढवून घेतली नाही. त्याच्याशी मी माझी तुलना केली तेव्हा मला खरी शरम वाटली. माझ्यावर कसला दुष्काळ कोसळला होता? पिशवीत आईच्या चार दशम्या होत्या. मित्राला मोकळेपणाने म्हणालो असतो, “अरे, मला या ठिकाणाची खात्री नाही, मी दशमी खातो, तू हवे ते मागव, गप्पा मात्र रात्रभर मारू,” तर तो मुळीच रागावला नसता. दशमीची लाज वाटली म्हणून सूप घेतले, आणि त्या लाजेवर पांघरूण घालण्यासाठी सोवळेपणाचा प्रश्न विचारला. असे पाहिले म्हणजे माझ्या दोन्ही चुका एकाच मुळाच्या निघतात. मला व्रत पाळावयाचे नव्हते. ते पाळताना दिसावयाचे होते.

म्हणून आपल्या घरांतून शहरात जाणाऱ्या माझ्यासारख्या मुलांना मी, वडीलधाऱ्यांची क्षमा मागून, थोडे सांगू इच्छितो. जेथे केवळ शाकाहारी खाणावळ जवळ आहे, तेथे जावे; पण मित्राला सोडून नव्हे, शक्य तर त्याला बरोबर घेऊन. जेथे एकच स्वयंपाकघर आहे तेथे पदार्थ, तेल, तवा, पळी यांविषयी स्पष्ट आणि गोड शब्दांत विचारावे. उत्तराने समाधान न झाले तर ताक-भात किंवा फळांवर भागवावे, किंवा उपाशी राहावे. त्याचा गाजावाजा करू नये. शेजारच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये. नकळत चूक झाली तर आरडाओरडा करून वाढप्याची नोकरी घालवू नये. आणि माणसाची जात विचारू नये, डोळ्यांनीसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा हैदराबादेस गेलो तो मुद्दाम मित्राकडे. वडिलांनी सांगितलेले प्रायश्चित्त घेतले, म्हणजे त्याची क्षमा मागितली. त्याने ती लगेच दिली असे मी म्हणणार नाही. तो बराच वेळ दुसरेच बोलत राहिला. शेवटी निघताना म्हणाला, “येईन रे उत्सवाला.” आम्ही त्या उपाहारगृहातही गेलो, परंतु ते आचारी काम सोडून आपल्या गावी गेले होते. त्यांचे आभार मानणे राहूनच गेले. हा लेख ते कधी वाचणार नाहीत, तरी ते आभार येथे नोंदवितो.

मित्र उत्सवास आला. महाप्रसादाच्या पंगतीत बसला. पान वाढून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहून हळूच विचारले, “स्वयंपाक कोणी केला?” त्या प्रश्नात थट्टा होती आणि थोडे दुःखही होते. मी खरे ते सांगितले. स्वयंपाक आमच्या चार घरांनीच केला होता. पंगत सर्वांची असते. पण चुलीपाशी मात्र आजही तीच चार घरे असतात. कोणी मनाई केलेली नाही. कोणी बोलावलेलेही नाही.

पत्रिकेच्या वाचकांपुढे आणि मंडळाच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे मी हीच गोष्ट विनंतीच्या रूपाने ठेवतो. येत्या उत्सवात महाप्रसादासाठी काय शिजावे हे आपण अवश्य ठरवावे, आणि ते काटेकोरपणे पाळावे. स्नान करून, स्वच्छ वस्त्र नेसून, तो नियम पाळून शिजविण्यास जो येईल, त्याला चुलीपाशी जागा असावी. मग तो कोणत्याही घरचा असो. तसे झाले तर पुढच्या वर्षी पंगतीत मित्राने तोच प्रश्न विचारला असता, “तुझ्याच भावाने केला,” असे मला सांगता येईल.

लहान तोंडी मोठा घास घेतला असल्यास क्षमा असावी. श्रीचरणी सर्वांचे कल्याण असो. इति.